‘सिंहासन’मधील मुंबई आणि आजची मुंबई

चित्रपटावर व्याख्यान आहे असे ऐकून काही मंडळींना किंचित आश्चर्य वाटले असेल. वसंत व्याख्यानमालेत इतिहास ऐकावा, साहित्य ऐकावे, शेती आणि अर्थकारण ऐकावे. सिनेमा हा विषय रात्रीच्या खेळाचा, अशी आपली एक जुनी समजूत आहे. परंतु आज ज्या चित्रपटाबद्दल आम्ही बोलणार आहो त्यात इतिहास आहे, साहित्य आहे, अर्थकारण तर आहेच आहे. आणखी सांगायचे म्हणजे त्यात आपला वऱ्हाडही आहे. १९७९ साली आलेला डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ हा तो चित्रपट. त्यातील मुंबई आज कोठे आणि कशी आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

प्रथम कथा थोडक्यात सांगतो. मुख्यमंत्री जिवाजीराव यांना एक निनावी दूरध्वनी येतो: तुमची खुर्ची उलथण्याचा कट शिजतो आहे, सावध राहा. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांची दृष्टी त्या खुर्चीवर आहे. कामगार पुढारी डिकास्टा हा संपाचे अस्त्र हाती घेऊन उभा आहे. आणि हे सारे वर्तमानपत्राचा बातमीदार दिगू टिपणीस अगदी जवळून पाहतो आहे. अरुण सरनाईक, डॉ. श्रीराम लागू, सतीश दुभाषी आणि निळू फुले यांनी या चार भूमिका अशा केल्या की आज पंचेचाळीस वर्षांनंतरही राजकारणातील माणसे ओळखण्यासाठी लोक त्यांचीच नावे वापरतात. चित्रपटास त्या वर्षीच्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता यात वऱ्हाड कोठे आला? चित्रपट ज्या दोन कादंबऱ्यांवर आधारला आहे त्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ यांचे लेखक अरुण साधू हे १९४१ साली परतवाड्यास जन्मले. त्यांच्या कादंबऱ्यांवरून पटकथा लिहिली विजय तेंडुलकरांनी. चित्रपटातील जे गीत पुढे घराघरांत आणि मोर्चामोर्चांत पोचले, ते अमरावतीच्या सुरेश भटांचे. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. म्हणजे मुंबईच्या सत्तेची ही प्रसिद्ध कहाणी लिहिणारा अचलपूर-परतवाड्याकडचा, तिला शब्दांचा डंख देणारा अमरावतीचा. अचलपूर, मूर्तिजापूर, दारव्हा, यवतमाळ या गावांना एका अरुंद रुळाच्या गाडीने बांधले होते, हे इथल्या वडीलधाऱ्या मंडळींना आम्ही सांगावयास नको. त्या शकुंतलेकडे आम्ही शेवटी परत येऊच.

चित्रपटातील ठिकाणे आज पाहावयाची म्हणजे काय करावयाचे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. पूर्वी आपले बहुतेक चित्रपट कलागृहात, लाकूड-कापडाच्या नेपथ्यात तयार होत. रस्ता हवा असला तर रस्ताही आत बांधीत. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत काही दिग्दर्शकांनी कॅमेरा उचलून खऱ्या रस्त्यावर नेला. व्हित्तोरिओ डे सिका यांचा १९४८ चा सायकलचोरीवरील चित्रपट रोमच्या गल्ल्यांत घडतो. त्यातील माणसांइतकेच ते शहरही त्याचे पात्र आहे. अशा चित्रपटाचा एक अनपेक्षित लाभ असतो. दिग्दर्शक टिपतो नायकाला, पण नायकाच्या पाठीमागे जे उभे असते तेही फितीवर उतरते. दुकानाची पाटी, बसची बनावट, माणसांचे कपडे, दूरध्वनीचे यंत्र, टेबलावरील फाइलींचा ढीग. त्या वेळी कोणी त्याकडे पाहत नाही, कारण ते सर्वांच्या रोजच्या पाहण्यातले असते. तीस-चाळीस वर्षांनी कथा तोंडपाठ झाल्यावर डोळा आपोआप मागे जातो, आणि मग लक्षात येते की हा नुसता चित्रपट नव्हे, हा एक दस्तऐवज आहे.

मात्र दस्तऐवज वाचताना जी सावधगिरी लागते ती येथेही लागते. कॅमेऱ्याची चौकट जेवढे दाखविते तेवढेच दिसते; चौकटीबाहेर काय ठेवले हे दिग्दर्शक ठरवितो. शिवाय ‘सिंहासन’ कृष्णधवल आहे, त्यामुळे त्यातील मुंबई होती त्याहून अधिक गंभीर आणि काळोखी वाटते. इतके ध्यानात ठेवून आता आपण मुंबईस उतरू.

१९७९ साली दारव्ह्याचा माणूस मुंबईस निघाला तर तो छोट्या गाडीने मूर्तिजापूरला जाई, तेथे मोठी गाडी धरी आणि दुसऱ्या दिवशी बोरीबंदरास उतरे. त्या स्थानकाचे नाव तेव्हा व्हिक्टोरिया टर्मिनस होते. १९९६ साली ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, आणि २०१७ साली त्यात ‘महाराज’ या शब्दाची भर पडली. शहराचेही अधिकृत इंग्रजी नाव १९९५ साली बदलून मुंबई झाले. स्थानकाची इमारत मात्र तीच आहे. २००४ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. चित्रपटाच्या काळातील माणूस आज येथे उतरला तर वर पाहून त्याला ओळख पटेल, खाली पाहून पटणार नाही.

स्थानकावरून दक्षिणेस चालत गेले की हुतात्मा चौक लागतो. ज्या राज्याच्या खुर्चीसाठी ‘सिंहासन’मध्ये एवढी ओढाताण चालते, ते मुंबईसह महाराष्ट्राचे राज्य कशाच्या मोलाने मिळाले हे सांगणारे स्मारक येथे आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये याच परिसरात निदर्शकांवर गोळीबार झाला होता. चित्रपट पाहून या चौकात उभे राहिले म्हणजे मन थोडे खजील होते. राज्य मिळविणारे रस्त्यावर पडले, आणि त्यानंतर दोन दशकांतच लेखकाला खुर्चीच्या शर्यतीची कादंबरी लिहावी लागली.

तेथून काळा घोडा जवळच आहे. या बाजूस एक जुनी, लोखंडी सांगाड्याची, मोडकळीस आलेली इमारत दिसते. हे एके काळचे वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली ती येथे. ‘सिंहासन’चा या इमारतीशी प्रत्यक्ष संबंध नाही, परंतु चित्रपटाचा माग काढीत निघालेल्याने त्याच्या जन्मस्थानाला नमस्कार केल्यावाचून पुढे जाऊ नये. धोकादायक म्हणून २०१९ साली ती रिकामी करण्यात आली. ज्या घरात आपल्या देशाने पहिला सिनेमा पाहिला ते घर आपल्याला नीट सांभाळता आले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा.

थोडे पुढे, रीगल चित्रपटगृहाजवळ, एक देखणी दगडी वास्तू आहे. १८७६ साली पुरी झालेली ही इमारत मुळात खलाशांच्या निवासासाठी होती. १९२८ पासून येथे विधिमंडळ भरू लागले. ‘सिंहासन’ पडद्यावर आला तेव्हा महाराष्ट्राची विधानसभा येथेच बसत होती. म्हणजे जिवाजीराव आणि दाभाडे हे खरेच असते, तर येथेच एकमेकांसमोर उभे राहिले असते. १९८१ साली नरिमन पॉइंटला नवे विधानभवन उभे राहिले, आणि पुढल्याच वर्षी या जुन्या वास्तूत राज्य पोलिसांचे मुख्यालय आले. लोकप्रतिनिधी जेथे भांडत तेथे आज पोलीस महासंचालक बसतात. यात कोणी अर्थ शोधू नये. तरी पण गंमत वाटते खरी.

आता मुख्य ठिकाण, मंत्रालय. ही इमारत १९५५ सालची. तिचे पहिले नाव सचिवालय. १९७५ साली, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, तिचे मंत्रालय असे नामकरण झाले. सचिवालय म्हणजे सचिवांचे आलय, मंत्रालय म्हणजे मंत्र्यांचे. नावातला हा फरक ‘सिंहासन’ पाहताना नीट उमगतो. या चित्रपटाचे चित्रण प्रत्यक्ष मंत्रालयात झाले, आणि त्यास तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी परवानगी दिली. मुख्यमंत्र्याची खुर्ची कशी डळमळते याची कथा खऱ्या मुख्यमंत्र्याच्या संमतीने त्याच्याच कचेरीत चित्रित व्हावी, हे आज ऐकताना नवल वाटते.

आम्ही अलीकडे तेथे गेलो तेव्हा जुन्या चित्रपटातील व्हरांडे शोधू लागलो. ते सापडणे कठीण, आणि त्याचे कारण उघड आहे. २१ जून २०१२ रोजी या इमारतीस मोठी आग लागली. वरचे मजले जळाले, पाच माणसे दगावली, कागदपत्रांची राख झाली. त्यानंतर आतील रचना पुष्कळ बदलली. ‘सिंहासन’मध्ये उघड्या कपाटांतून आणि टेबलांवरून फाइलींची जी दाटी दिसते ती आता बरीचशी संगणकात गेली आहे. म्हणून जळून गेलेल्या मंत्रालयाचे हलते-बोलते दर्शन घ्यावयाचे तर या चित्रपटाकडेच वळावे लागेल. डॉ. पटेलांनी तो काही इमारतीची आठवण राहावी म्हणून काढला नव्हता.

परंतु सर्वांत मोठा बदल भिंतींत नाही, तो मधल्या चौकात आहे. वर पाहिले तर चौकावर एक जाळी ताणलेली दिसते. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून शेवटी या इमारतीत विष घेतले. काही दिवसांत त्याचा अंत झाला. त्यानंतर वरच्या मजल्यावरून उडी घेण्याचेही प्रकार घडले, आणि फेब्रुवारीत ही जाळी लावण्यात आली. पुढे निषेध करणारी माणसे या जाळीवरच उड्या घेऊ लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ स्वतः काही आदिवासी आमदारांसह तिच्यावर उतरले. सत्तेच्या इमारतीत सत्तेतील माणसालाच आपले म्हणणे ऐकविण्यासाठी जाळीवर उडी घ्यावी लागावी, हा प्रसंग तेंडुलकरांनी लिहिला असता तर आपण म्हटले असते की नाटककाराने अतिशयोक्ती केली.

यवतमाळ जिल्ह्यातील माणसाने या जाळीखाली उभे राहून काय वाटून घ्यावे, हे आम्ही निराळे सांगत नाही. आपल्या जिल्ह्याचे नाव गेली पंचवीस वर्षे देशभर कोणत्या कारणाने घेतले जाते हे आपण जाणता. आणि याच जिल्ह्याने त्या खुर्चीवर माणसे बसविली हेही खरे. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक काळ, मुख्यमंत्री होते. मलबार टेकडीवरील आपल्या बंगल्यास ‘वर्षा’ हे नाव त्यांनीच दिले. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाला दुसरे कोणते नाव सुचणार? मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान म्हणून ते नाव आजही कायम आहे. ‘सिंहासन’ आला त्याच वर्षी, ऑगस्ट १९७९ मध्ये, नाईकसाहेब निवर्तले. पुढे सुधाकरराव नाईकही त्या खुर्चीवर बसले. तेव्हा मंत्रालय आणि आपण यांच्यातील अंतर केवळ मैलांचे आहे असे म्हणता येत नाही. आपली माणसे तेथे होती, तरी हे अंतर उरले. ते का उरले, हाच खरे तर ‘सिंहासन’चा प्रश्न आहे.

मंत्रालयातून बाहेर पडून समुद्राकडे गेले की नरिमन पॉइंट लागतो. समुद्र हटवून काढलेली ही जमीन. तिच्यावरील उंच इमारती चित्रपटाच्या वेळी अगदी नव्या होत्या. एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १९७४ ची. आज ती कंपनी खाजगी झाली आहे, आणि ती इमारत १,६०१ कोटी रुपयांस महाराष्ट्र शासनास देण्यास केंद्राने २०२४ साली मान्यता दिली. मंत्रालयास जागा अपुरी पडते म्हणून हा व्यवहार. समुद्रकाठाने जाणारा मरीन ड्राइव्हचा बाक तोच आहे. मात्र तेथून समुद्रकिनाऱ्याचा नवा वेगवान मार्ग निघतो, तो २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. जुन्या दुमजली डिझेल बसगाड्या २०२३ च्या सप्टेंबरात कायमच्या थांबल्या. गोष्टी लहान आहेत, परंतु एखाद्या जुन्या चित्रपटाचे साल ओळखावयाचे तर अशाच खुणा उपयोगी पडतात.

आता डिकास्टाची मुंबई पाहू. लालबाग, परळ, वरळी या भागास गिरणगाव म्हणत. चित्रपटातील कामगार पुढारी संपाची धमकी देतो आणि त्या धमकीवर राज्यकर्ते आपले डाव मांडतात. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा खरा संप सुरू झाला. साठाच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, गिरण्याच मिटल्या.

गिरण्यांच्या जमिनीचे पुढे काय झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. १९९१ च्या नियमात असे ठरले की गिरणीची जमीन विकावयाची तर तिचे सामान्यतः तीन भाग करावे: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली, आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीस लागू राहिली. इमारती पाडून मोकळी होणारी जमीन तीतून सुटली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते ती किती? शहराच्या वाट्याला त्यामुळे फार थोडे आले. वाद न्यायालयात गेला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. एका कलमातील काही शब्द बदलले आणि शेकडो एकर जमिनीचे भवितव्य पालटले. ‘सिंहासन’मध्ये बंद दाराआड जे चालते त्याचा परिणाम बाहेर कसा दिसतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस माहीत नाही.

आज लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी मोठा बाजार-महाल आहे. तेथे जुनी चिमणी अजून उभी आहे, शोभेसाठी. तिच्यातून धूर निघत नाही. तिच्या पायथ्याशी आम्ही थोडा वेळ उभे होतो, आणि मनात आले की हिची राख कोठली? या चिमणीखाली जो कापूस कातला गेला त्यात वऱ्हाडाचा कापूस किती असेल! दारव्ह्याच्या शिवारातला कापूस जिनिंगमध्ये सरकीपासून सुटा होई, गठाणी बांधल्या जात, छोट्या गाडीने मूर्तिजापूर, तेथून मोठ्या गाडीने मुंबई. शकुंतला मुळी बांधली गेली ती कापसासाठीच. माणसे नंतर बसली. तेव्हा गिरणगावाची कथा ही परक्या शहराची कथा नव्हे. ज्या दोरीचे एक टोक तेथे तुटले, तिचे दुसरे टोक आपल्या शेतात होते.

शेवटचे ठिकाण कोणत्याही नकाशावर नाही. ते म्हणजे तो निनावी दूरध्वनी. साऱ्या कथेची सुरुवात त्याने होते. आज बोलणाऱ्याचा क्रमांक पडद्यावर आधी उमटतो. ती कथा आज तशी सुरूच होऊ शकली नसती. सोन्याच्या ज्या तस्करीवर त्या काळातील अनेक काळे धंदे उभे होते, तीही सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाल्यावर पूर्वीसारखी उरली नाही. साधने बदलली, इमारती बदलल्या, नावे बदलली. परंतु चित्रपटाच्या शेवटी सारे पाहून चुकलेला दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो, त्या हसण्याचे कारण बदलले आहे काय? हा प्रश्न आम्ही आपणांवर सोपवितो. मत देणाऱ्याने त्याचे उत्तर स्वतः शोधावे. व्याख्यात्याने देऊ नये.

आता वचन दिल्याप्रमाणे शकुंतलेकडे वळतो. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ही गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनाने चाले, नंतर डिझेलने. आज ती बंद आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा रुंद मार्ग दारव्ह्यावरून जावयाचा आहे. त्याच्या वर्धा ते कळंब या टप्प्यावर २०२४ साली गाडी धावू लागली. नवा मार्ग यावा, लवकर यावा, यात दुमत नाही. पण तो येईल तेव्हा दारव्हा मोतीबाग स्थानकाचे जुने रूप कोणाच्या तरी आठवणीतच उरेल. आणि आठवण माणसाबरोबर जाते.

मुंबईला डॉ. पटेल मिळाले, अरुण साधू मिळाले. प्रत्येक गावाला असा दिग्दर्शक मिळत नाही. परंतु आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. आपण लग्नात, सहलीत तो काढतो आणि माणसांचे हसरे चेहरे टिपतो. आमची एवढीच विनंती आहे की कधी तरी तो चेहऱ्याच्या मागे जे आहे त्याकडेही वळवावा. बाजाराचा दिवस, जिनिंगचे आवार, शाळेचे जुने फाटक, स्थानकाची पाटी, तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून घेण्यासाठी बसलेली माणसे. त्यावर साल लिहावे, ठिकाण लिहावे, आणि ग्रंथालयात एक प्रत ठेवावी. घरातील वडीलधाऱ्यांना शकुंतलेबद्दल विचारावे आणि ते सांगतील ते ध्वनिमुद्रित करावे. हे काम खर्चाचे नाही आणि विद्वत्तेचेही नाही. त्याला फक्त वेळेवर सुचणे लागते.

वॉटसन हॉटेलची आठवण येथे पुन्हा करून देतो. जे रोज डोळ्यांसमोर असते ते नेहमी राहणार असे आपण गृहीत धरतो, आणि एके दिवशी तेथे जाळी, मोकळे मैदान किंवा धूर नसलेली चिमणी दिसते.